टिटवाळा वर्तुळाबाहेर

टिटवाळ्याचा फ्लॅट तसा वाईट नव्हता. पण नवऱ्याने तो अणुबॉम्ब बघून निवडला होता.

लोक पाणी बघतात, स्टेशन किती लांब ते बघतात. आमचे सर्वेशराव जेवताना मोबाइल वाटीला टेकवून मुंबईवर बॉम्ब टाकत बसतात. कुठल्याशा वेबसाइटवर बॉम्ब केवढा ते निवडायचं, नकाशावर बोट ठेवायचं, की रंगीत वर्तुळं उमटतात. लाल वर्तुळात काहीच उरत नाही. पिवळ्यात घरं उभी राहतात, पण माणसं भाजतात. युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून हेच चाललंय. डोकं उठलंय माझं.

"मोठावाला टाकला ना, तर ठाण्यातला आपला खोपटचा भाग पिवळ्यात येतो. टिटवाळा बाहेर," तो म्हणाला. "रविवारी बुकिंग करून टाकू."

"आणि नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला मी तिकडून येऊ होय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, इथे जीव वाचवायचं चाललंय!"

"वारा काय तुझ्या वर्तुळाला विचारून वाहणारे? विष येईलच की टिटवाळ्यापर्यंत."

मी तव्यावरची भाकरी उतरवून बाहेर आले. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना. "बॉम्ब कुठे टाकतोस तू?"

"फोर्टात. टाकणारा तिथेच टाकणार ना. ठाण्यावर कोण फुकट घालवेल?"

"आणि माझं ऑफिस कुठेय?"

त्याचा घास हातातच राहिला. लग्नाच्या आधीपासून मी फोर्टात नोकरी करतेय. या माणसाने महिनाभर रोज माझ्या डोक्यावर बॉम्ब टाकले, आणि त्याच्या हिशेबात मी कायम घरात, त्याच्या शेजारी. इतका संताप आला की रडूच फुटलं.

त्याने बॉम्ब लहान केला. ठाणं सुटलं. आणखी लहान केला, तसं दादर सुटलं, मग भायखळाही. शेवटी यादीतला सगळ्यात छोटा घेतला. वर्तुळ नखाएवढं उरलं. माझं ऑफिस त्यातच होतं.

"उद्या रजा टाक ना," तो हळूच म्हणाला.

"आणि परवा?"