नथूच्या फडताळातला जनरल

मित्रांनो, मी एक जुना स्कंधपट्टा आहे. युरोपातले जनरल कोटाच्या खांद्यावर सोनेरी झालरीचा, चांदण्या जडवलेला जो दागिना मिरवीत, तो मी. सध्या माझा मुक्काम मावळातल्या भाजे गावी आहे. दोन शतकांत मी नीचपणाचे पुष्कळ प्रकार पाहिले. तरीही गेल्या वैशाखात जे पाहिले, त्याने मी अजून सुन्न आहे.

माझा जन्म पॅरिसचा. एका म्हाताऱ्या कारागिराने कलाबतू वळून माझी झालर केली आणि वर चांदीच्या दोन चांदण्या बसवल्या. दोन चांदण्या म्हणजे सर्वांत खालचा जनरल. मग एका चांदणीचा कुठे गेला, असे तुम्ही विचाराल. पूर्वी तो होता. त्याला ब्रिगेडियर म्हणत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आदल्या वर्षी ते पद रद्द झाले, पण वरच्यांपैकी कोणीही आपली एक चांदणी कमी करून घेतली नाही. म्हणून त्या सैन्यात जनरलांची मोजणी आजही दोनापासून सुरू होते. अंकगणितावर इतका निर्विवाद विजय केवळ प्रतिष्ठाच मिळवू शकते.

माझ्या पहिल्या मालकाने एकही लढाई लढली नव्हती. वरच्या म्हाताऱ्यांच्या मरणाची शांतपणे वाट पाहत तो चढत गेला. त्याच्या खांद्यावर बसून मी पदांच्या वंशावळी ऐकल्या. 'जनरल' हे मुळात नुसते विशेषण. कॅप्टन-जनरल म्हणजे सगळ्यांचा कप्तान. त्याच्या गैरहजेरीत जागा सांभाळणारा तो लेफ्टनंट-जनरल. तिसरा सार्जंट-मेजर-जनरल. सार्जंट म्हणजे मूळचा सेवक. पुढे त्या शब्दाची लाज वाटू लागली, तेव्हा तेवढाच गाळला आणि उरला मेजर-जनरल. म्हणूनच मेजर हा लेफ्टनंटाहून थोर, पण मेजर-जनरल मात्र लेफ्टनंट-जनरलाहून धाकटा! आणि ज्याच्यापुढे हे सारे वाकत, तो मार्शल? या शब्दाचा मूळ अर्थ मोतद्दार, म्हणजे घोड्याचा लगाम धरणारा चाकर. एका खंडाची सगळी बिरुदावली अशी तबेल्यातून आणि चाकरांच्या खोलीतून निघाली. नंतर माझ्यासारख्यांना एकच काम उरले: ती कुठून निघाली, हे कुणाच्या लक्षात येऊ न देणे.

मालक मेला, नातवंडांनी मला विकले. नाटकवाल्यांच्या पेटाऱ्यातून, मग चित्रपटांना कपडे भाड्याने देणाऱ्याच्या गोदामातून मी लोणावळ्याच्या एका भंगारवाल्याकडे पोहोचलो. दुसऱ्या खांद्यावरचा माझा जोडीदार वाटेतच हरवला होता. तिथे मला अल्लाउद्दीनने उचलले. वलवणला त्याचा ब्रास बँड होता आणि तो स्वतः क्लॅरिनेट वाजवी. त्याच्या बायकोने, मुमताजने, मला लाल कोटाच्या डाव्या खांद्यावर बटणाने बसवले. उजव्या खांद्यासाठी तिने पडद्याची पिवळी झालर कापून माझी हुबेहूब नक्कल केली.

"आता सांगा, यातला कंचा खरा?" तिने विचारले.

"कंचाबी असू दे. पगार दोघांचा सारखाच," अल्लाउद्दीन म्हणाला.

मी आयुष्यात प्रथमच काम येणाऱ्या माणसाच्या खांद्यावर बसलो होतो. तो डावा हात उंचावी, माझी झालर हेलकावे आणि सारा बँड एकाच श्वासात सुरू होई. माझी सुखाची वर्षे तीच.

भाज्याचा शेतकरी नथू हा अल्लाउद्दीनचा तरुणपणापासूनचा दोस्त. नथूची लेक सविता हिच्या बारशालाच अल्लाउद्दीनने शब्द दिला होता, "हिच्या लग्नात मीच वाजवनार." गेल्या वैशाखात तो दिवस उगवला. मांडवासमोरच्या मैदानात नवरदेव घोड्यावर बसला होता. वाजतगाजत मारुतीला जायचे आणि तिथून मांडवात यायचे, अशी रीत. अल्लाउद्दीनने हात उचलला, तोच नवरदेवाचे काका बजरंगराव पुढे आले आणि त्यांनी घोड्याचा लगाम धरला. पुण्यात त्यांची सुरक्षारक्षक पुरवणारी कंपनी आहे. ते सैन्यात कधीच नव्हते, पण त्यांचे रक्षक त्यांना मेजरसाहेब म्हणतात.

"थांबा! हा कोण?"

"आमचं अल्लाउद्दीनभाऊ हायेत, पावनं. बँडमास्तर," नथू म्हणाला.

"जनरलचे तारे लावून पिपाणी वाजवणार? हा सैन्याचा अपमान आहे. मी असताना चालणार नाही. आत्ताच्या आत्ता काढायला लावा, नाहीतर घोडा इथून हलणार नाही."

"घोडं मगाधरनं उभंच हाय की, सायेब," ढोलवाला आदिनाथ म्हणाला.

लोक हसले. त्या हसण्याने बजरंगरावांचा चेहरा आणखी ताठ झाला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोन रक्षकांच्या खांद्यांवर नायलॉनचे सोनेरी गोंडे लोंबत होते. आणि लगाम बजरंगरावांच्याच हातात होता. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने त्या मैदानातले एकमेव मार्शल तेच. हे सांगायला मला तोंड नव्हते. ज्याला होते, तो नथू. 'हा माझा दोस्त आहे, तो असाच वाजवील,' एवढे एक वाक्य पुरले असते.

नथू पुढे आला. त्याने माझ्या बटणाला हात घातला.

"भाऊ, मुलीकडचा हाय मी. समजून घे."

"अवो, काय करताय ह्ये?" मांडवातून त्याची बायको शालूबाई ओरडली. त्याने मागे पाहिले नाही. खऱ्याखोट्याचा भेद न करता त्याने आम्हा दोघांनाही उतरवले. युरोपातही कलंकित अधिकाऱ्याचे स्कंधपट्टे पलटणीसमोर ओरबाडून काढीत. मात्र त्या कामाला जिवलग मित्र नेमण्याइतकी त्यांची बुद्धी पोहोचली नव्हती.

 अल्लाउद्दीनने कोट काढला, नीट घडी घातली आणि ढोलाच्या गाड्यावर ठेवला. आत घामाने भिजलेला साधा पांढरा सदरा होता. आदिनाथने ढोल खाली ठेवला आणि आपलीही बटणे सोडली. मग ट्रम्पेटवाल्याने, मग बाकीच्यांनी. लाल कोटांचा ढीग लागला.

"आता यांच्यात मास्तर कोण?" बजरंगराव म्हणाले.

अल्लाउद्दीनने मोकळा हात वर केला. बँड एकाच श्वासात सुरू झाला. घोडा इतका दचकून निघाला की बजरंगरावांना लगामासकट त्याच्याबरोबर धावावे लागले. नथूच्या घामेजल्या मुठीत चुरगळून मी ते ऐकत होतो. माझ्यावाचून काहीही अडले नव्हते. दोनशे वर्षांत इतका मोठा धक्का मला कोणत्याही तोफेने दिला नव्हता.

सविताची पाठवणी झाली. बँडवाले टेम्पोत सामान चढवत होते. नथू तिथे गेला आणि त्याने मूठ उघडली.

"भाऊ, चुकलं माजं. ह्ये घे तुजं."

अल्लाउद्दीन क्लॅरिनेट पुसत राहिला.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. लेकीच्या सासरी जाशील तवा लाव. तितं लागंल तुला."

टेम्पो वलवणकडे निघून गेला.

तेव्हापासून मी नथूच्या फडताळात आहे. तो मला लावू शकत नाही आणि टाकूनही देऊ शकत नाही. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी अखेरीस 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची असते. मी ती करणार नाही. माझी कलाबतू काळी पडत आहे, खुशाल पडू द्या. मात्र पाहुण्यांच्या धाकाने आपल्याच माणसाच्या बटणाकडे तुमचा हात जाईल, तेव्हा तो तिथेच आवरा. शालूबाई दर महिन्याला लेकीला भेटून येते. नथू अजून एकदाही गेलेला नाही.