बिनहप्त्याचे सात महिने

लग्नाच्या बायकोला आपला नवरा संध्याकाळचा घरात दिसावा, यात मागण्यासारखं ते काय? पण बावीस वर्षं तिला तेवढंच हवं होतं, आणि मागणं तिच्या रक्तात नव्हतं.

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात, काचेच्या भट्टीवर. ती भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. विझली तर आतली काच दगड होऊन बसते. म्हणून तिला रात्रीही माणूस लागतो, आणि रात्रीच्या माणसाला पगार जास्त. घराचं कर्ज काढलं त्याच आठवड्यात त्याने रात्रपाळी मागून घेतली. "कर्ज फिटेपर्यंतच गं," म्हणाला होता.

ती इस्पितळाच्या शिवणखोलीत. फाटक्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. हाताखाली अकरा बायका, आणि त्या तिच्या पाठीमागे तिला फौजदार म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

सकाळी तो दारातून आत येई तेव्हा ती बाहेर पडे. संध्याकाळी साडेपाचला ती घरी पोचे आणि पावणेसहाला कारखान्याची बस कोपऱ्यावर भोंगा वाजवी. संसार म्हणायचा तो एवढा पंधरा मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं त्याचे मोजे शोधण्यात जात. सुट्टीच्या दिवशी तो ओंडक्यासारखा झोपे. पलंग एकच होता, पण दोघं पाळीपाळीने झोपत. रात्री ती आडवी व्हायची तेव्हा उशीला त्याच्या डोक्याचा खळगा असायचा. दुसऱ्यांच्या शंभर उशा झटकणारी बाई ती, पण तो खळगा तिने कधी मोडला नाही. त्याच्या कडेला डोकं टेकून झोपायची.

लेकीचं लग्न झाल्यावर तिने मनाशी एक बेत केला. कर्जाची तीन वर्षं उरली होती. ती मुदतीआधी फेडायची आणि नवऱ्याला पंचावन्नाव्या वर्षीच घरी बसवायचं. साठीपर्यंत वाट बघायला कोणी अमरपट्टा लिहून दिलाय? चप्पल शिवून घातली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली, सुट्टीच्या दिवशी लोकांचे पडदे शिवले. नवऱ्याला अवाक्षर सांगितलं नाही. पुरेशी रक्कम साठली तेव्हा अर्धी रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी बँकेत गेली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, बसा ना."

"आजी तुझ्या घरी. इथे कर्जदार आहे मी. हे घे पैसे आणि ते खातं एकदाचं संपवून टाक."

मुलीने नंबर घातला, संगणकाचा पडदा वरखाली केला. "हे खातं तर बंद झालंय. सात महिने झाले. साहेब येऊन सगळं भरून गेले, घराचे कागदही घेऊन गेले. तुम्हाला बोलले नाहीत?"

"बोलले की," ती ताडकन म्हणाली. "मीच विसरले. वय झालं, आजी ना मी!"

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. कोणत्याही पायरीवर बसणारी बाई नव्हती ती. सात महिने. दोनशेदहा संध्याकाळी. कर्ज नव्हतं, हप्ता नव्हता, तरी तो रोज पावणेसहाला बूट चढवून निघून गेला होता. पैसे दडवणारा नवरा परवडला. ह्याने तर स्वतःलाच दडवलं.

त्या दिवशी ती चारलाच घरी आली. तो नुकताच उठून चहा गाळत होता. तिला बघून त्याच्या हातातली गाळणी वाकडी झाली.

"बरी आहेस ना? लवकर कशी?"

"बँकेत गेले होते. कर्ज फेडायला."

चहा ओट्यावर सांडत राहिला.

"दुसरी कोणी आहे का? असेल तर सांगा. निदान तुमच्या संध्याकाळी कुठे जातात, तेवढं कळेल मला."

"काहीतरीच काय बोलतेस! भट्टीपुढे बारा तास उभा राहून भुईमुगासारखा भाजलोय मी, मला कोण विचारतंय?" मग हळूच म्हणाला, "पगाराचा मागचा फरक एकरकमी मिळाला, तो भरून टाकला. हप्त्याचे पैसे तेव्हापासून तुझ्या नावावर ठेवतोय. एक पैसा खाल्ला नाही."

"पैशाचं कोण विचारतंय? तुमचं विचारतेय मी. घरी का नाही आलात?"

त्याने खोलीभर नजर फिरवली. "कुठे येऊ? तुझं घर माझ्यावाचून घड्याळासारखं चालतं. संध्याकाळी तू काय करतेस, कधी जेवतेस, कोणाशी फोनवर हसतेस, मला माहीत नाही. खिडकीपाशी खुर्ची आहे, तिच्यावर अकरा वर्षं तुझे कपड्यांचे गठ्ठे. मी बसू कुठे? रोज वाटायचं, उद्या सांगू. मग भोंगा वाजायचा." त्याने खुंटीवरच्या डगल्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. "नोकरी सोडायचा अर्ज तेव्हाच आणलाय. सगळं लिहिलंय. तारीख तेवढी घालवत नाही."

"पेन आणा."

अक्षराशी तिचं जेमतेमच, पण आकड्यांत ती कोणाला ऐकायची नाही. तिने तारीख घातली. त्याने वाचली आणि त्याला हसू फुटलं. "अगं, ही उद्याची आहे! महिन्याची नोटीस द्यावी लागते."

"बावीस वर्षं नोटीसच देतेय मी. वाचता येत नाही का कोणाला?"

शेवटी तिनेच आकडे खोडून एक महिना पुढचे घातले. आणखी तीस संध्याकाळी.

बोलण्यात पावणेसहा झाले. भोंगा वाजला. तो सवयीने उठला, डगला चढवला, कागद खिशात घातला.

"बस किती वेळ थांबते?"

"तीन मिनिटं."

तिने खुर्चीवरचे गठ्ठे दोन्ही हातांनी उचलले आणि खाली टाकले. धुतलेलं कापड जमिनीवर टेकलं तर अकरा बायकांना फाडून खाणारी बाई ती. "बसा."

तो बसला, पाव्हण्यासारखा, कडेकडेने. ती पलंगाच्या काठावर बसली. उन्हाची तिरीप त्याच्या कानावर आली होती. कानामागचे केस पांढरे झाले होते. कधी झाले? कोणालाच घाई नव्हती.

भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. तो उठायला लागला तशी तिने खिडकीतून मान बाहेर काढली आणि सगळी गल्ली हादरेल अशा आवाजात ओरडली, "अरे वाजव, वाजव! माणूस बसलाय माझा घरात!"