त्याच नावाचं आणखी कुणीतरी

करिश्मानं स्क्रीन झाकली, तिथून सगळं बिनसलं.

झाकली म्हणजे, लुंबिनी कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरली आणि हिनं पटकन समोरची फाइल बंद केली. वर तोंड करून म्हणाली, काही न्हाई गं, असंच बसले. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलेलं, दोघींचा मिळून एकच प्रोग्रॅम, आणि असंच कोण बसतं? लुंबिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

प्रोग्रॅम भारी होता, ते मात्र खरं. विष्णुपुरीच्या धरणाचे किती दरवाजे उघडले ते त्याला सांगायचं, मग नांदेडातल्या कोणत्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातील ते तो सांगणार. लिहिलेला लिस्प नावाच्या भाषेत. ही भाषा लुंबिनीला तिच्या सुगतदादानं उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवली होती, आणि अख्ख्या शाळेत ती येणारी आपण एकटीच, हे तिचं शाळेतल्या भिंतींनासुद्धा सांगून झालं होतं. मग जूनमध्ये रेणापूरहून मामाकडे शिकायला करिश्मा आली. लुंबिनीनंच तिला जोडीला घेतलं, लिस्प शिकवली, आणि ती पोरगी गपगुमान अशी शिकली की पाण्याचा सगळा हिशेब करणारी वेगळी फाइल तिनं एकटीनं लिहिली. अशा फाइलीला लायब्ररी म्हणतात. ती आधी आत बोलवायची, मग तिच्यातल्या हिशेबांची नावं वापरायची. तर लायब्ररी करिश्माची. वरचा प्रोग्रॅम आणि परीक्षकांसमोरचं बोलणं लुंबिनीचं.

त्या दिवशी करिश्मा गेल्यावर लुंबिनीनं लिस्प नव्यानं उघडली. लायब्ररी बोलवायच्या आधीच तिनं मुख्य हिशेबाचं नाव टाइप केलं, घाट-पातळी. हिशेब साधा होता. लायब्ररीशिवायच मशीननं उत्तर दिलं, तर करिश्मानं आत काहीतरी लपवलंय. मशीन म्हणालं, असलं काही मला माहीत नाही. बरं झालं, म्हणून तिनं लायब्ररी बोलवली, आणि मशीन अडून बसलं. या नावाचं इथं आधीच एक आहे, दोघांतलं कोणतं ठेवू?

लुंबिनी स्क्रीनच्या आणखी जवळ सरकली. आधीच एक आहे? कुणाचं? कुणी बसवलं?

तिनं कंस तपासले. लिस्पमध्ये कंसांचं रानच माजलेलं असतं आणि एक जरी उघडा राहिला तरी सगळा खेळ बिघडतो. कंस ठीक होते. करिश्माची फाइल ओळ न ओळ वाचली, नाव एकदाच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं करिश्मालाच बोलावलं. करिश्मानं लिस्प बंद केली, परत उघडली, लायब्ररी बोलवली, दरवाज्यांचा आकडा दिला. मशीन सुतासारखं सरळ.

"चालून राहिलंय की," ती म्हणाली. "तुझ्याच हाताला रुसतंय व्हय?"

त्यापुढं रोज तेच. लुंबिनी न चुकता आधी तपासायची, आत काही लपवलंय का, आणि रोज ते दुसरं कुणीतरी आत बसलेलं निघायचं. करिश्माचा हात लागला की गायब. म्हणजे बसवणारीही हीच, उठवणारीही हीच! ऐन प्रदर्शनात लुंबिनीची फजिती करायची आणि मग पुढं येऊन चालवून दाखवायचं, असा डाव असणार. लुंबिनीनं तो डाव ज्योत्स्ना मॅडमना रंगवून सांगितला. विज्ञानाच्या मॅडमना लिस्पमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरींमधलं कळत होतं. त्या म्हणाल्या, शुक्रवारी नावं पक्की करायची आहेत, तोवर पुरावा दाखव, नाहीतर असलं बोलू नको. आणि पुरावा असेल तर करिश्माचं नाव काढावं लागेल. हे करिश्माच्या कानावर गेलंच. डबा खायला ती दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

पुरावा काय, आत्ता आणते, म्हणून लुंबिनीनं मोबाइल काढला. प्रदर्शनासाठी व्हिडिओ पाहिजे, अशी थाप मारून करिश्माला एकदा चालवायला लावलं. मग स्वतः चालवून तेही टिपलं. लॅबच्या पायरीवर बसून तिनं दोन्ही व्हिडिओ लावले. करिश्माची चोरटी कळ कुठं दिसते, हे बघायला डोळे स्क्रीनला चिकटवले.

चोरटी कळ नव्हतीच. करिश्मानं उघडलं, बोलवलं, विचारलं. लुंबिनीनं उघडलं, विचारलं, बोलवलं.

एवढाच फरक.

ती लॅबमध्ये पळाली. न तपासता लायब्ररी बोलवली, तर चाललं, तिच्या हातानं. परत उघडून आधी नाव विचारलं, तर ते आगंतुक हजर. लिस्पची खोड अशी, की एखादं नाव कानावर पडलं की माणूस आलेलं नसलं तरी त्याच्या नावाचा पाट ती मांडून ठेवते. मग खरं घाट-पातळी दारात येतं, तर त्याच्या नावाचा रिकामा पाट आधीच मांडलेला, म्हणून मशीनला वाटतं एकाच नावाची दोघं आहेत. रोज तो मांडत होती लुंबिनी. करिश्मानं काही लपवलंय का, हे बघता बघता.

तिचे कान तापले. नाही म्हटलं तरी मोबाइलमधला एक व्हिडिओ पुसला की झालं, असं एकदा मनात येऊन गेलं. मग ती करिश्माला शोधत सायकल स्टँडवर गेली आणि दोन्ही व्हिडिओ तिच्यापुढं धरले. करिश्मानं ते बघितले. बराच वेळ सायकलची घंटी उगाच वाजवत राहिली.

"मग त्या दिवशी स्क्रीन का झाकलीस?" लुंबिनीला राहवलं नाही.

"अजून हायच का तुझं? तुझा भाग मला समजत नव्हता, तो वाचून राहिले होते. तुला कळलं असतं, तर वर्गभर ढोल वाजवला असतास."

लुंबिनीनं मोबाइल बंद केला. मॅडमना मी सांगते, एवढंच ती म्हणाली.

"सांगच. पण प्रदर्शनाला मी अशी न्हाई येणार," करिश्मा म्हणाली. "मशीनवर मी बसणार. तू बोलायचं, आणि मागं वळून स्क्रीन बघायची न्हाई. एकदाबी."

लुंबिनीनं मॅडमना सांगितलं, दोन्ही व्हिडिओ दाखवून, स्वतःच्या ओळीवर बोट ठेवून. मॅडमनी नावं दोन्ही ठेवली आणि लुंबिनीकडं अशा नजरेनं बघितलं की त्यापेक्षा रागावलेलं परवडलं असतं.

प्रदर्शनात परीक्षक आले तेव्हा लुंबिनीच्या पाठीला स्क्रीन होती. एका परीक्षकांनी विचारलं, धरणाचे निम्मे दरवाजे उघडले तर? मागं टकटक झाली. मग थांबली. काहीच येईना. अडलं का? त्या पोरीनं सूड तर नाही उगवला? लुंबिनीची मान आपोआप वळायला लागली, ती तिनं घट्ट धरली, आणि परीक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून पुढचं वाक्य सुरू केलं.