नऊ नंबरच्या बाईंचे केस

"कात्री आधी खाली ठेवा, सिस्टर," मावशी म्हणाली आणि हातातली बादली तिने तिथेच टेकवली.

नऊ नंबरच्या खाटेपाशी तरुण सिस्टर कात्री घेऊन उभी होती. खाटेवरच्या बाईंना कुशीवर वळवलं होतं आणि त्यांच्या मानेमागे केसांचा एक घट्ट गोळा झाला होता, चांगला मुठीएवढा. बाईंनी आपला धड असलेला उजवा हात मागे नेऊन सिस्टरचं मनगट पकडलं होतं आणि काही केल्या त्या ते सोडत नव्हत्या.

"मला काय हौस आहे का?" सिस्टर रडकुंडीला आली होती. "अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन आठवडे उताणं पडून केसांचं हे असं झालंय. विंचरायला गेले तर कंगव्याचे दोन दात तुटले. सोमवारी डिस्चार्ज आहे. कापून टाका म्हणून मुलीनेच सांगितलंय."

"मुलीने सांगितलं. पण ह्यांना विचारलं का कोणी?"

"ह्यांना बोलता कुठे येतंय, मावशी!"

"बोलता येत नाही, ऐकू येतं ना?"

मावशी त्या वॉर्डात सव्वीस वर्षं आया होती. खाटा पुसायच्या, भांडी द्यायची, चादरी बदलायच्या, आणि कोणी विचारो न विचारो, आपलं मत द्यायचं. शेवटचं काम तिला कोणी नेमून दिलेलं नव्हतं, पण त्यात तिने एकदाही खाडा केला नव्हता. तिचे स्वतःचे केस बाईंसारखेच, बारीक स्प्रिंगांसारखे कुरळे. लहानपणी ती काकूकडे वाढली. शाळेला सुट्टी लागली की काकू तिला ओट्यावर बसवून ते मुळापासून कापायची, "कोण झोंबणार ह्या झाडूशी!" म्हणत. पुढे ते वाढले, पण मावशीने ते जन्मभर पदराखाली नाहीतर वॉर्डातल्या टोपीखाली दाबून ठेवले. तिशीतल्या लेकीने मोबाईलवर बघून बघून तिला शिकवलं तेव्हा मावशी पन्नाशीला आली होती. "आई, तू पन्नास वर्षं स्वतःच्या केसांशी भांडतेयस, आणि ते बिचारे फक्त पाणी मागतायत," लेक म्हणाली होती. हे वाक्य मावशीला लागलं होतं.

मोठ्या सिस्टरकडून तिने सोमवार सकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. "नाही सुटला तर मी स्वतः कापेन," असं सांगून आली. मग बाईंच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली, "मी सोडवू का? दुखेल थोडं. हो असेल तर माझा हात दाबा." बाईंनी हात असा दाबला की मावशीची बांगडी रुतली.

त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, जेवणाची सुट्टी होताच मावशी लेकीची कंडिशनरची बाटली घेऊन बसली. गोळ्यावर आधी पाणी शिंपडलं, मग कंडिशनर मुरवलं, आणि कंगवा बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी कडेची एकेक बट मोकळी करायला घेतली. मुळाशी डाव्या हाताची चिमूट घट्ट, म्हणजे ओढ टाळूला बसत नाही. सुरुवात टोकाकडून, मग जरासं वर, मग आणखी जरासं. तासाभरात सुपारीएवढा भाग सुटला. मावशीच्या पाठीला रग लागली.

"अजून सत्तर सुपाऱ्या आहेत, बाई," ती म्हणाली. बाईंच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. ते हसू होतं.

शनिवारी मुलगी आली. ओल्या केसांत मावशीची बोटं बघून ती दारातच थबकली. तिचे केस सरळ, वडिलांवर गेलेले.

"आईने कधी कुणाला केसांना हात लावू दिला नाही," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, पण सकाळी दार लावून केस करायची, अंबाडा घालूनच बाहेर यायची. मी लहान असताना एकदा हट्टाने विंचरायला गेले. कोरडेच, वरून खाली खसाखसा. तिने कंगवा काढून घेतला, तो कायमचा."

"बरोबरच आहे. कोरडे विंचरले की हे केस चिडतात."

"म्हणून तर कापा म्हटलं, मावशी. सोमवारपासून अंघोळ, औषधं, व्यायाम, सगळं मलाच बघायचंय. त्यात केस मला जमणार नाहीत. तिला दुखवेन मी." तिचे डोळे भरून आले. मावशी तिला चार शब्द सुनवायच्या तयारीत होती, ते तिने गिळले आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. ही बट धरा. टोकाकडून."

रविवारी दुपारी तीन वाजता शेवटची गाठ सुटली. मावशीने केस धुतले, सुती कापडाने टिपले, वाळू दिले. ओढून धरले तर कमरेपर्यंत, सोडले की टुणकन खांद्यावर. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बघायला आल्या. तरुण सिस्टरने तर फोटो काढायची परवानगी मागितली. मावशीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

बाईंनी आरशात बराच वेळ बघितलं. मग ट्रेमधल्या कात्रीकडे बोट दाखवलं आणि तेच बोट कानाच्या पाळीपाशी आणून टेकवलं.

मावशीला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कापू? तीन दिवस माझ्या बोटांची सालं निघाली, आणि कापू?"

"का...प," बाई म्हणाल्या. तीन आठवड्यांतला तो त्यांचा पहिला धड शब्द होता.

"मग शुक्रवारीच कापू द्यायचे होते!" मावशी तणतणत बाहेर गेली आणि तिने स्वच्छ असलेला व्हरांडा पुन्हा पुसून काढला.

परत आली तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. डावा हात चादरीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. उजव्या हाताने त्यांनी सगळे केस गोळा केले, मुठीत पिळले, रबर दातांत धरलं होतं ते घ्यायला मूठ सैल केली, आणि केस पसरले. पुन्हा गोळा केले. पुन्हा पसरले. मावशीने दारातून चार वेळा हे बघितलं.

"द्या, मी बांधते," ती पुढे होऊन म्हणाली.

बाईंनी तिचा हात बाजूला केला. "मी," त्या म्हणाल्या.

मावशी खाटेच्या कडेवर बसली. सगळं तिच्या डोक्यात लख्ख झालं आणि स्वतःच्या रागाची तिला लाज वाटली. शुक्रवारी सिस्टर पाठीमागून, न विचारता कापत होती. आता बाई स्वतः सांगत होत्या. रोज सकाळी मुलीपुढे डोकं धरून बसायचं नव्हतं त्यांना. एका हाताला झेपतील एवढेच केस हवे होते. ह्या बाईने मला केस वाचवायला कधी सांगितलं होतं, मावशीला वाटलं. तो हट्ट माझा होता. काकूच्या ओट्यावरचा.

"ओले नाही कापायचे हं," ती नाक ओढत म्हणाली. "ओले कापले की वाळल्यावर वर पळतात. एकेक बट कोरडी कापू. तुम्ही दाखवायचं कुठे ते."

बाईंनी आरसा मांडीवर टेकवून ठेवला. बट पुढे घ्यायची, ओढायची नाही, बाईंच्या बोटाकडे बघायचं, मग कात्री. दीड तास लागला. कुठे जास्त कापलं जातंय वाटलं की बाई त्याच बोटाने मावशीच्या गुडघ्यावर टकटक करायच्या.

सोमवारी सकाळी मुलगी बॅग भरून तयार होती. बाई बेसिनपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी उजवा हात नळाखाली धरला, ओल्या बोटांनी एकेक वळण दाबलं, फुलवलं, पुन्हा हात ओला केला. बाहेर गाडी उभी होती. मुलीने घड्याळ बघितलं आणि मदत करायला म्हणून पाऊल पुढे टाकलं. मावशीने तिचा दंड धरला.

"थांबा," ती पुटपुटली.

बाईंनी हवा तेवढा वेळ घेतला. डावीकडे, कानामागे, जिथे हात पोचत नव्हता, तिथली एक बट तशीच उभी राहिली होती. ती दोघींनाही दिसत होती. दोघी हात मागे घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.