सुलेखाची लेक बासऱ्या बनवते

सुलेखा एरवी खोटं बोलणारी बाई नव्हती. अमेरिकेतल्या कॅरी गावात एका हळदीकुंकवात लताताईंनी तिला कोपऱ्यात गाठलं, तेवढंच निमित्त झालं.

"रेणू सध्या काय करते गं?"

लताताई म्हणजे तिथल्या मराठी मंडळाचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. सकाळी त्यांच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत पार दुसऱ्या राज्यातल्या एडिसनला पोचायचं.

"ती स्टीलच्या नळ्यांचं काम करते," सुलेखा जपून म्हणाली.

"नळ्या? म्हणजे प्लंबिंग?"

इंजिनीअर मुलीला प्लंबर ठरवलेलं सुलेखाला सहन होईना. समोरच्या भिंतीवर मुरलीधराचं कॅलेंडर लटकत होतं.

"बासऱ्या," ती म्हणाली. "बासऱ्या बनवते."

खरी गोष्ट अशी होती की रेणू रायफली बनवायची. इथेच जन्मलेली, इथेच मेकॅनिकल शिकलेली ही मुलगी २००२ च्या ले-ऑफमध्ये घरी बसली आणि मग एक दिवस कॅरीपासून तासाभरावर, शेताडीतल्या एका जुन्या गोठ्यात जाऊन पोचली. तिथे वॉल्टर नावाचा सत्तरीचा म्हातारा शिकारीच्या जोडनळी रायफली हाताने घडवायचा. त्याला कानस नीट चालवणारं माणूस हवं होतं. रेणूने एक तुकडा घासून दाखवला. म्हाताऱ्याने तो खिडकीशी धरला, पाहिला आणि "सोमवारपासून ये," म्हणाला. त्याला आता चार वर्षं झाली होती.

आणि बासरीच्या थापेला दोन. थाप तशी गुणी निघाली, एकदा मारल्यावर सुलेखापुढे पुन्हा कधी तोंड वर काढलं नाही तिने. पण २००६ च्या गणपतीनंतर मंडळाने श्रीरामबुवांचा बासरीवादनाचा कार्यक्रम ठेवला आणि बुवांचा मुक्काम लताताईंकडे पडला. चहा पिता पिता लताताईंनी रेणूचा विषय काढला. बुवा खुर्चीत पुढे सरकले.

"अमेरिकेत आपली मराठी मुलगी स्टीलची बासरी बनवते? हे बघायलाच पाहिजे."

लताताईंनी फोन केला तो नेमका संजीवला. रेणूच्या या बापाला बासरीचा काही पत्ताच नव्हता. "रेणूचं वर्कशॉप बघायचंय," एवढंच त्याने ऐकलं आणि तो इतका हरखला, की पत्ता दिलाच, शिवाय मॅपक्वेस्टवरून रस्त्याचे प्रिंटआऊट काढून "मीच ड्राइव्ह करतो" असंही कबूल करून बसला.

शनिवारी सकाळी व्हॅन निघाली तेव्हा सहल समजून डबा घेऊन बसलेल्या सुलेखाला पहिल्यांदा कळलं, की आपण कुठे चाललोय.

"सुलेखा, रेणूच्या बासऱ्यांना भोकं किती असतात, सहा की सात?" मागच्या सीटवरून लताताईंचा आवाज आला.

"कसल्या बासऱ्या?" संजीव म्हणाला. सुलेखाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की व्हॅन पांढरी रेघ ओलांडून परत आली. त्यानंतर गाडी चालवताना बोलू नये असं त्याने ठरवून टाकलं.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा सुलेखा बाथरूममध्ये शिरली आणि तिने रेणूला फोन लावला.

"रेणू, आम्ही येतोय. लता काकू आणि ते बासरीवाले बुवा पण आहेत. तुझ्या त्या सगळ्या वस्तू झाकून ठेव."

"व्हाय?"

"मी सांगितलंय, की तू बासऱ्या बनवतेस."

 पलीकडे रेणू इतकी हसली, की सुलेखाला फोन कानापासून लांब धरावा लागला. पण त्या हसण्याच्या शेवटी काहीतरी टोचरं होतं, तेही सुलेखाला ऐकू आलं.

रेणूला त्या आठवड्यात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं. टेक्ससच्या हॉलिस नावाच्या गिऱ्हाइकाची रायफल काही केल्या जुळत नव्हती. जोडनळीचं दुखणं असं, की नळ्या दोन आणि शेजारी शेजारी. उजवी उडाली की रायफल धक्क्याने उजवीकडे उचलते, डावी उडाली की डावीकडे. नळ्या अगदी समांतर ठेवल्या तर गोळ्या फाकतात. म्हणून तोंडाशी त्या किंचित जवळ घ्यायच्या. किती किंचित, ते कुठलंही कॉम्प्युटर खात्रीने सांगत नाही. दोन तोंडांच्या मध्ये छोटी पाचर बसवायची, सांधा धरणारा वितळलेल्या धातूचा डाख भरायचा आणि गोळ्या झाडून बघायचं. गोळ्या एकमेकींना ओलांडून गेल्या तर डाख तापवून पाचर आत ठोकायची, फाकल्या तर बाहेर ओढायची. गार करून परत झाडायचं. आफ्रिकेत रानम्हैस अंगावर आली तर दुसरी गोळीही पहिलीच्या शेजारीच बसली पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पण या रायफलच्या गोळ्यांना रीतच उरली नव्हती. सकाळी ओलांडायच्या, दुपारी फाकायच्या. पाचर आत-बाहेर करून वॉल्टर आणि रेणू एकमेकांवर गुरगुरायला लागले होते.

तिने भराभर दस्ते आणि चाप चादरीखाली ढकलले आणि मागच्या मैदानात वॉल्टरला ओरडून सांगितलं, "आता झाडू नका! माझी आई येतेय!" वॉल्टरच्या कानांवर जाड कर्णबंद होते. त्याने अंगठा वर केला.

पाहुणे दारात आले, नमस्कार झाले आणि मागे धडाम्म असा बार झाला. खिडकीची तावदानं थरथरली. पाठोपाठ दुसरा.

"अगंबाई! हे काय?" लताताईंनी छातीवर हात ठेवला.

 रेणू मुद्दाम आईकडेच बघत राहिली.

"ट्यूनिंग," सुलेखा म्हणाली. "ट्यूनिंग चाललंय."

"बासरी इतक्या मोठ्याने वाजते?"

"मोठ्या हॉलसाठी आहे ती."

तेवढ्यात मागच्या दाराने वॉल्टर आत आला. डाख तापवायचा म्हणून नळ्यांची जोडी त्याने रायफलपासून सोडवून आणली होती. पाहुणे बघून त्याने टोपी काढली आणि जोडी टेबलावर ठेवली.

श्रीरामबुवा जवळ आले. "वा! जोडपावा! दोन नळ्यांचा! पण हिला भोकं कुठायत?"

"भोकं नंतर पाडतात," सुलेखाने सांगितलं.

रेणूला ठसका लागला. संजीव छताकडे बघू लागला. लताताईंनी मात्र मागचापुढचा विचार न करता जोडी उचलली, ओठाला लावली आणि फुंकर मारली. नळीतून भुताने उसासा टाकल्यासारखा घोगरा आवाज निघाला. त्या खूश झाल्या. त्यांच्या ओठांभोवती काजळीचं सुबक वर्तुळ उमटलं होतं. ते त्यांना सांगायची कुणाचीच छाती झाली नाही.

"हिला वास कसला येतोय?" त्यांनी विचारलं.

"पॉलिशचा," सुलेखा म्हणाली. आता तिला सवय होत चालली होती.

बुवांनी जोडी हातात घेतली. एका टोकाच्या आकड्यात बोट अडकवून ती लोंबती धरली आणि दुसऱ्या हाताच्या पेराने हळूच टिचकी मारली. मग डोळे मिटले. पुन्हा टिचकी मारली, थोडं खाली.

"सूर गोड आहे," ते म्हणाले, "पण शेपटाला चिरकतोय. दोघींच्या मध्ये कुठेतरी सुटलंय."

रेणूचं हसणं थांबलं. "कुठे?"

बुवा बोट सरकवत टिचक्या मारत गेले. दोन्ही नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीच्या मध्यावर येऊन थांबले. "इथे. ऐक."

रेणूने कान लावला. घंटेसारखा स्वच्छ नाद हवा होता. त्याच्या मागे बारीकशी किरकिर होती. महिन्यापूर्वी तिने स्वतःच हा नाद तपासला होता तेव्हा तो निर्मळ होता. पण त्यानंतर तोंडाकडचा डाख कितीदा तरी तापवला होता. त्या उष्णतेने मधला डाख सुटला असणार आणि दोघांपैकी कुणालाही पुन्हा टिचकी मारायचं सुचलं नव्हतं.

"वॉल्टर! पट्टी सुटलीये!" ती इंग्रजीत ओरडली आणि आनंदाच्या भरात मराठीत वळली, "म्हणून गोळ्या भरकटत होत्या!"



"कसल्या गोळ्या?" लताताईंनी विचारलं.

सुलेखाने शेवटचा प्रयत्न केला. "होमिओपॅथीच्या."

पहिले हसले ते श्रीरामबुवा. हसता हसता त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "अहो वहिनी, मी कोकणातला. आमच्या गावात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक असायची. पहिल्या बारालाच ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं सुरेख सांगत होतात. भोकं नंतर पाडतात म्हणालात, तेव्हा तर मला वाटलं, आता पुढचं ऐकल्याशिवाय जाऊच नये."

लताताईंना मात्र हसू आलं नाही. "सुलेखा, दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले गं," त्या म्हणाल्या. गंभीर चेहरा आणि ओठांभोवती ते काळं वर्तुळ बघून संजीव तोंड फिरवून बाहेर पडला.

रेणूने चादर ओढून काढली. दस्ते, चाप, अर्धवट नक्षीचे लोखंडी भाग, सगळं उघडं पडलं. "हे करते मी, काकू." मग आईकडे वळून ती हळूच म्हणाली, "आर यू अशेम्ड ऑफ मी?"

"लाज नाही गं," सुलेखा म्हणाली. "लोक विचारतील, याने काय मारतात, कशाला मारतात. मला उत्तर यायचं नाही. तुला विचारावं, तर तू चिडशील."

"तू विचारलंच नाहीस कधी."

"नाही विचारलं."

 रेणूने डाख तापवायचा दिवा पेटवला, नळ्या शिकंज्यात धरल्या आणि पट्टीवर ज्योत फिरवू लागली. सुलेखा तिच्या खांद्यामागे उभी राहिली. डाख पाण्यासारखा चमकून फटीत ओढला गेला, तसा तिच्या तोंडून "अय्या" निघाला. रेणूने मागे वळून पाहिलं नाही, पण ज्योत थोडी बाजूला धरली, आईला नीट दिसावं म्हणून.

नळ्या गार होईपर्यंत झाडाखाली जेवणं झाली. सुलेखाने मेथीचे पराठे आणले होते. वॉल्टरने चार खाल्ले आणि कागदी नॅपकीन लताताईंपुढे धरून स्वतःच्या ओठांवरून बोट गोल फिरवलं. लताताईंनी ओठ पुसले, नॅपकीन बघितला आणि मग एकदाच्या हसल्या. हसू थांबेना तेव्हा सुलेखाने त्यांना पाणी दिलं.

दुपारी रेणूने रायफल जोडली आणि उभ्याने टेकणावरून झाडली. आधी उजवी, मग डावी. सगळे निशाणाच्या कागदापाशी चालत गेले. दोन भोकं जवळ जवळ होती, तरी अजून जरा ओलांडलेली. "आता कळतंय तरी ही काय म्हणतेय," वॉल्टर म्हणाला. पाचर एकदा हलवली, पुन्हा थांबले, पुन्हा झाडलं. या वेळी दोन भोकं शेजारी शेजारी बसली, वर एक रुपया ठेवला तर झाकली जातील अशी. वॉल्टरने टोपी हवेत उडवली आणि ती झाडात अडकली.

हॉलिस रायफल न्यायला आला तो ऑक्टोबरच्या अखेरीस. धिप्पाड, भला माणूस. त्या दिवशी सुलेखा स्वतः ड्राइव्ह करून तिथे आली होती, डब्यात चिवडा घेऊन. तिने त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि समोर बसली.

"तुम्ही याने म्हैस मारणार?"

"यस मॅम. पुढच्या उन्हाळ्यात, टांझानियात."

"तिने तुमचं काय केलंय?"

हॉलिसने विचार केला. शिकारीचा परवाना, संरक्षित जंगलांना मिळणारा पैसा, गावाला मिळणारं मांस, असं बरंच काही त्याने सांगितलं. सुलेखाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण तिने तुमचं काय केलंय?"

रेणू कानस घासायची थांबली होती. वॉल्टर खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. हॉलिसने चिवड्याची वाटी संपवली, आणखी मागितली, रायफल नीट पेटीत घालून घेतली आणि निरोप घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. वॉल्टरने विचारलं, रायफल कशी चालली. हॉलिस थोडं अडखळून म्हणाला, की म्हैस समोर आली होती, बाजूने, अगदी स्वच्छ दिसत होती. पण त्याच क्षणी त्याला त्या बाईंचा चेहरा आठवला आणि मग तो नुसताच बघत उभा राहिला. रायफल मात्र उत्तम आहे, तो म्हणाला, मी तिने कागदावर भरपूर झाडतो.

वॉल्टरने फोन ठेवला आणि रेणूला म्हणाला, "तुझ्या आईला गिऱ्हाइकांपासून लांब ठेव."