थोरलीची पुढची चाकं

आगीच्या बंबाची ती गाडी चारही चाकांनी चढ ओढायची. वरच्या वस्तीपर्यंत पोचेल अशी दुसरी गाडी त्या डोंगरात नव्हती. तिचा ड्रायव्हर तिला थोरली म्हणायचा आणि ड्रायव्हरची बायको तिला सवत म्हणायची. तसं पाहिलं तर दोघांचंही बरोबर होतं.

ऐन उन्हाळ्यात, रान ठिणगीची वाट बघत असताना, थोरलीचं इंजिन वस्तीवरच बसलं. इंजिनाचं काही नाही, खाली गॅरेजात दुसरं तयार होतं. जीव अडकला होता मधल्या पेटीत. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी ती गिअरची पेटी आता कुठे बनतच नव्हती. खाली नेताना ती गेली, की थोरली भंगारात जाणार आणि वस्तीच्या वाट्याला बादल्या येणार.

आणि गाडी ओढून न्यायला आला कोण, तर ड्रायव्हरचा मेहुणा! घरात त्याला भिंगरी म्हणत, कारण तो जेवायलासुद्धा धड बसत नसे. सपाट पाठीची मोठी गाडी त्या वळणांवर वळत नाही, म्हणून तो मागे आकडा असलेली छोटी ओढगाडी घेऊन आला होता.

“दाजी, हिचं तोंड उचलून घेतो. मागची चाकं रस्त्यावर राहतील. त्याआधी पेटीतून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडू.”

“शाफ्टला हात लावायचा नाही. मधली पेटी न्यूट्रल केली की झालं.”

“पेटीची दांडी जुनी झालीय हो. बाहेर न्यूट्रल दाखवते, आत काय असेल कुणास ठाऊक.”

“तू चड्डीत होतास तेव्हापासून त्या दांडीवर माझा हात आहे. मला शिकवू नकोस.”

खरं कारण वेगळंच होतं. आपल्या थोरलीचे नट या उतावळ्याने उघडावेत, हे ड्रायव्हरला बघवणार नव्हतं. त्याने स्वतः दांडी ओढली, खट् आवाज आला आणि तो समाधान पावला. भिंगरीने खांदे उडवले. “बरं. ताईला सांगेन, तुम्हीच म्हणालात.”

निघाले. पहिल्या वळणानंतर ड्रायव्हरने ओढगाडीच्या केबिनच्या मागच्या काचेतून वळून पाहिलं आणि त्याची मान तशीच राहिली.

थोरलीची उचललेली पुढची चाकं फिरत होती. रस्त्यापासून हातभर वर, कशालाही न टेकता, आपली आपण. ओढगाडी वळणावर मंदावली तशी तीही मंदावली, पुढे गेली तशी तीही निघाली. इतकी वर्षं तो आत बसून गाडी हाकत होता, पण तिचं चालणं त्याने असं समोरून कधी पाहिलंच नव्हतं. रस्ता लागत होता मागच्या चाकांना, आणि ती खबर सगळ्या पोटातून, दात्यादात्यांतून पुढे येऊन हवेतली चाकं चालवत होती. हे सगळं रोज आपल्या बुडाखाली चालत होतं आणि आपण शिट्टी वाजवत बसायचो, असं वाटून तो थक्क झाला. तो बघतच राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं. खबर पुढे येतेय, म्हणजे मधली पेटी जोडलेलीच आहे. इंजिन बंद, वरच्या दात्यांपर्यंत तेल पोचत नाही, आणि आत ते कोरडेच घासतायत.

“थांब! अरे, थांब म्हणतो ना!”

सपाट जागा बघून भिंगरीने गाडी थांबवली. मागे जाऊन त्याने चाकांकडे पाहिलं, मग दाजींच्या तोंडाकडे पाहिलं.

“सोड तो शाफ्ट,” ड्रायव्हर म्हणाला.

“आधी दगड. हिचा हँडब्रेक त्याच शाफ्टवर आहे. शाफ्ट सुटला की तोही गेला.”

मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लागले. दोघं खाली शिरले. ड्रायव्हरने पेटीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. भिंगरीने घाई केली नाही. जोडाच्या दोन्ही तोंडांवर खडूची एकच रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना शाफ्ट होता तसाच बसेल. मग एकेक नट काढून खिशात घातला. ड्रायव्हरने शाफ्ट छातीवर झेलला. झोपलेलं मूल जड लागतं तसा तो लागला.

उरलेल्या सगळ्या उतारावर हवेतली चाकं निपचित होती. ड्रायव्हर मान वळवून तेवढंच बघत राहिला. मघाशी फिरताना सुंदर दिसत होती, आता त्यांनी हलू नये म्हणून तो देवाचा धावा करत होता.

गॅरेजात मिस्त्रीने पेटीतलं तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं आणि उन्हात धरलं. लोखंडाचा चुरा असता तर चमकला असता. त्याने फडकं इकडून तिकडून फिरवलं, बोटांत तेल चोळलं.

“वाचली,” तो म्हणाला. “अजून थोडं गेला असतात तर मला बोलावं लागलं नसतं, तीच ओरडली असती.”

ड्रायव्हरने ते फडकं मागून घेतलं आणि घडी करून खिशात घातलं.

नवं इंजिन बसलं, नवी दांडी बसली, खडूच्या रेघेला रेघ जुळवून शाफ्टही बसला. शेवटच्या तपासणीसाठी मिस्त्रीने एका बाजूची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि मधली पेटी जोडली. भिंगरी मागच्या चाकाशी गेला. ड्रायव्हरने पुढच्या चाकावर पालथा हात ठेवला.

हाताखालचं रबर हललं. आधी जरासं, मग वीतभर. लांबलचक गाडीपलीकडून, सगळ्या लोखंडातून, कुणीतरी हात धरावा तसं.

“दाजी, लागतंय का?”

“लागतंय,” ड्रायव्हर म्हणाला. चुकलं माझं, असं त्याला म्हणायचं होतं, पण मेहुण्यापुढे ते शब्द ओठांवर येईनात. मग त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि आपल्या बाजूने हळूच उलटं फिरवलं.

मागे भिंगरीच्या हाताखालचं रबर उलटं सरकलं.

“पोचलं, दाजी,” भिंगरी म्हणाला.