भार्गवीची पाठ

हाडांची पिशवी घरात आणायची नाही, असं दुर्गाबाईंनी पहिल्याच दिवशी लेकीला बजावलं होतं. कोणाची कोण जाणे हाडं ती, देव आहेत त्या घरात नकोत. म्हणून भार्गवी अभ्यासाला बसायची ती परसातल्या शेडमध्ये, सुपारीच्या पोत्यांना टेकून. मांडीवर खांद्याचं हाड घ्यायचं, बोटांनी त्याच्या कडा चाचपायच्या आणि कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे जाऊन चिकटतो ते पुटपुटत राहायचं. यात तिला जे सुख मिळे ते कोणाला सांगूनही पटलं नसतं. अलिबागजवळच्या फिजिओथेरपी कॉलेजात ती पहिल्या वर्षाला होती. बाकीच्या मुली ॲनाटॉमीच्या नावानं रडायच्या. हिला मात्र त्या विषयानं वेड लावलं होतं. रेवदंड्याहून रिक्षानं जातानासुद्धा ती पुढे बसलेल्या माणसाच्या मानेकडे बघत त्याच्या कातडीखाली काय काय असेल ते मनात मांडत बसायची.

या वेडात तिला एकच सोबती होता, तिचे वडील. त्यांना घरात नि गावात सगळे अण्णाच म्हणत. दुपारी ते शेडच्या पायरीवर येऊन बसत आणि ती मोठ्यानं पाठ करत असे ते ऐकत. कधी विचारत, हे एवढं पातळ हाड, यानं एवढा मोठा हात कसा पेलतो? मग ती त्यांना समजावून सांगे. हे पातं नुसतं पाठीवर ठेवलेलं असतं, स्नायूंनी ते चहूबाजूंनी ओढून धरलेलं असतं, म्हणून हात वर जातो. अण्णा मान डोलवत. त्यांना किती कळे कोण जाणे, पण ते उठून जात नसत.

अण्णांना उठून जायला दुसरं काम तरी कुठे होतं, असं दुर्गाबाई म्हणाल्या असत्या. गावात अण्णांची ख्याती एकच होती, कामाचा कंटाळा. तरुणपणी ते सुपारीवर सरसर चढत, शेंड्यावरून झोका घेऊन शेजारचं झाड धरत, असं जुने लोक सांगत. पण भार्गवीच्या जन्माच्या सुमारास त्यांनी चढणं सोडलं. चक्कर येते म्हणाले. मग फावड्याचं काम सुटलं, मग डोक्यावरून ओझं आणणं सुटलं. वाडीच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या थोरल्या भावानं, भाऊकाकांनी, राबणाऱ्याला चांगली बाजू मिळावी असं चारचौघांत सांगितलं आणि खाडीकडचा, खाऱ्या वाऱ्यानं करपणारा तुकडा अण्णांच्या वाट्याला आला. अण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हापासून वाडी दुर्गाबाईंनीच ओढली. गडी लावणं, शिंपण, सुपारी वाळत घालणं, व्यापाऱ्याशी घासाघीस, सगळं त्यांच्या अंगावर. आणि हे सगळं करताना त्यांचं तोंडही चालू असे. बसून खाणाऱ्याला चव बरी कळते, असं ताट वाढताना म्हणायच्या. अण्णा खाली मान घालून जेवत. चेहऱ्यावर रेषा हलत नसे. ती कधीच हलत नसे, हसतानासुद्धा, त्यामुळे लोक त्यांना आळशी म्हणत आणि वर शिष्टही म्हणत.

दिवाळीनंतर कॉलेजात मुलींच्या गटाचं प्रात्यक्षिक होतं. जिवंत माणसाच्या अंगावर हाडं आणि स्नायू हातानं शोधायचे. प्रणाली मॅडम शिकवत होत्या. तरुण होत्या, मुलींना आवडायच्या. पाठ दाखवायला कोण येतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा भार्गवी आपणहून पुढे झाली. ती शिडशिडीत होती, पाठीवरचं पातं स्पष्ट दिसायचं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्याकडे बघून अख्खा धडा तयार होईल. मॅडमनी पडदा ओढला, तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोन्ही तळहात भिंतीला टेकवून जोर लावायला सांगितलं. आता पातं छातीच्या पिंजऱ्याला घट्ट चिकटेल, ते चिकटवून धरणारा स्नायू म्हणजे सेरेटस अँटीरिअर, असं त्या मुलींना सांगत होत्या.

भार्गवीनं जोर लावला.

मग मॅडम म्हणाल्या की बस, घाल ॲप्रन. दुसऱ्या एका मुलीला त्यांनी पुढे बोलावलं आणि धडा तिच्यावर पुरा केला. भार्गवी बाकावर येऊन बसली. शेजारची मुलगी तिच्याकडे न बघता वहीत रेघा मारत होती. तेव्हाच भार्गवीला अंदाज आला, कारण पाती चिकटली नाहीत तर काय दिसतं हे तिला पुस्तकातून चांगलं ठाऊक होतं. उघडलेल्या पंखांसारखी ती मागे येतात.

तास संपल्यावर मॅडमनी तिला आपल्या खोलीत नेलं. हात बाजूनं वर न्यायला सांगितलं. ते कानापर्यंत गेले नाहीत. केस बांधताना आपण मान खाली वाकवतो ही तिला आजवर सवय वाटत होती. डोळे घट्ट मिटायला सांगितलं, पापण्यांची फट राहिली. शीळ घालायला सांगितलं. तिला लहानपणापासून शीळ येत नव्हती.

"घरात आणखी कोणाला आहे का असं? हात वर न जाणं, चेहरा फार न हलणं?"

"अण्णांना," भार्गवी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

कॉलेजचं काम आहे असं घरी सांगून ती मॅडमबरोबर मांडव्याहून लाँचनं मुंबईला गेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावून निदान सांगितलं. फॅसिओस्कॅप्युलोह्युमरल डिस्ट्रॉफी. एवढं लांबलचक नाव, पण त्यात भार्गवीला अडेल असं काही नव्हतं. चेहरा, खांद्याचं पातं, दंडाचं हाड. तिन्ही प्रकरणं तिनं त्याच वर्षी केली होती. डॉक्टर मायेनं बोलले, पण आडपडदा ठेवला नाही. स्नायू झडत जातात, कोणाचे हळू, कोणाचे भराभर. थांबवणारं औषध नाही. वडिलांकडून आलं असणार, आणि तिच्या मुलांनाही निम्मा धोका. रुग्ण उचलणं, त्याला वळवणं, हातापायांना जोर देणं हेच ज्या कामात रोज असतं, ते काम तिला फार दिवस झेपणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

परतताना लाँचच्या कठड्याशी ती उभी राहिली. रडू येत नव्हतं. या सगळ्यात धरून ठेवावी अशी एकच गोष्ट तिला सापडली होती, आणि मांडवा येईपर्यंत ती तेवढीच धरून होती. अण्णा आळशी नव्हते. आयुष्यभर त्यांनी जे ऐकून घेतलं ते सगळं खोटं होतं आणि ते खोटं आहे हे आता तिला शास्त्रानं सिद्ध करता येत होतं. आपलं शिक्षण निदान एवढ्याला तरी उपयोगी पडेल, असं तिला वाटलं.

दुर्गाबाई अलिबागला बाजाराला गेल्या, ती दुपार तिनं गाठली. अण्णांना शेडमध्ये बोलावलं आणि सदरा काढायला सांगितला. अभ्यासासाठीच असेल असं समजून त्यांनी मुकाट्यानं काढला. भिंतीला हात टेकवून जोर लावा, ती म्हणाली. वडिलांची पाठ तिनं जन्मभर पाहिली होती, आज पहिल्यांदा नीट बघितली. खांद्यांवर मांस म्हणून उरलं नव्हतं. दोन्ही पाती कातडी ताणत मागे उभी राहिली, इतकी की त्यांच्या आत बोटं घालता आली असती. तिनं तळहात ठेवून एक पातं आत दाबून धरलं आणि हात वर न्यायला सांगितलं. अण्णांचा हात कानाच्या वर गेला. ते त्या हाताकडे बघतच राहिले. तिनं दाब सोडला तसा तो खाली आला.

"अण्णा, तुम्ही आळशी नव्हता," ती म्हणाली. "हे धरून ठेवणारा स्नायूच तुमच्यात राहिलेला नाही. हा आजार आहे. तुमच्या जागी कोणीही असता तरी झाडावर चढला नसता."

अण्णा सदऱ्याची बटणं लावू लागले. त्यांना वेळ लागत होता.

"मला वाटायचं, मीच अंगचोरपणा करतोय," ते म्हणाले. "हात वर न्यायचा म्हटलं की जायचा नाही. लोक म्हणायचे, मनातच नाही याच्या. मग मलाही वाटायला लागलं, नसेलच मनात."

त्यांचे डोळे भरून येतील, या गोष्टीची भार्गवीनं वाट पाहिली होती. पण अण्णा विचारात पडले होते.

"पण तुला कळलं कसं? माझी पाठ तर तू आजच तपासलीस."

लाँचवर तिनं सगळी वाक्यं जुळवली होती, कशानंतर काय सांगायचं तेही ठरवलं होतं. हा प्रश्न येईल हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉलेजात शिकवलं, एवढं म्हणून निभावलं असतं. पण ती क्षणभर गप्प राहिली, आणि अण्णांना तेवढं पुरलं.

"तुलाही?"

तिनं मान हलवली.

"माझ्याकडून?"

त्यात तुमचा दोष नाही, ते रक्तातून येतं, कोणाच्या हातात नसतं, असं ती सांगू लागली. अण्णांनी तिला बोलू दिलं. मग औषध आहे का, एवढंच विचारलं. ती नाही म्हणाली.

ते पोत्यावर बसले.

"मग मी आळशीच बरा होतो," ते म्हणाले.

उठताना त्यांनी एक मागणं मागितलं. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिनं म्हटलं, पण आई तुम्हाला इतकं बोलते, तिला खरं कळलं तर ती पुन्हा बोलणार नाही. अण्णा म्हणाले, तेच नको. ती रागावर उभी आहे. माझा राग करत तिनं एवढी वर्षं वाडी ओढली. उद्या तुझ्यासाठी रडायला बसली तर तिला कोण उठवणार, तू की मी?

भार्गवीनं शब्द दिला.

त्यानंतर अण्णा शेडच्या पायरीवर येऊन बसेनासे झाले. ती पाठ करू लागली की ते वाडीच्या टोकाला, खाडीच्या बाजूला निघून जात. ॲनाटॉमीत ती कॉलेजात पहिली आली. प्रणाली मॅडमनी तिचा हात हातात घेतला, पण अभिनंदन त्यांच्या तोंडून नीट निघालं नाही. पुढच्या वर्षी शिक्षणाचा मार्ग बदलता येईल का, शिकवण्याकडे वळता येईल का, यावर दोघी बोलल्या. मॅडम बोलत होत्या आणि भार्गवी त्यांच्या मागच्या फळ्याकडे बघत होती. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहायला हात किती वर न्यावा लागेल, ते ती मोजत होती. शेवटी पुढचं पुढे बघू, असं ठरलं. ठरण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गणपतीच्या आधी दुर्गाबाईंनी माळ्यावरची पितळी भांडी घासायला काढली. घासून झाल्यावर मोठं पातेलं भार्गवीच्या हाती दिलं, वर सरकव म्हणाल्या. ती स्टुलावर चढली. पातेलं छातीपर्यंत आलं, हनुवटीपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मग हातांतून सुटलं, फरशीवर आदळलं आणि घरभर आवाज झाला.

"अगदी बापावर गेली आहेस," दुर्गाबाई म्हणाल्या. "एवढंसं भांडं उचलत नाही. दोघं मिळून खा मला."

आवाज ऐकून अण्णा दारात आले होते. ते पुढे झाले, वाकून त्यांनी पातेलं उचललं आणि अंगाला झोका देऊन वर नेण्याचा प्रयत्न केला. कोपर थरथरले. दुर्गाबाईंनी ते त्यांच्या हातांतून ओढून घेतलं, पदर खोचला आणि लेकीला बाजूला सारून स्वतः स्टुलावर चढल्या. त्यांचे दोन्ही हात डोक्यावर सरळ गेले. चोळीच्या कापडाखालून दोन्ही पाती सरकली, फिरली आणि जागच्या जागी घट्ट बसली.

बाप आणि लेक खाली उभे राहून ते बघत होते.

"उभी काय राहिलीस," दुर्गाबाई वरून म्हणाल्या. "दुसरं दे."

भार्गवीनं दुसरं भांडं उचलून, जिथपर्यंत जात होतं तिथपर्यंत, आईकडे धरलं.